चिरंजीव हातांवर उभे राहतात

१ जुलै १९८६
रक्तदाब वाढला आहे. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, घरात ओरडणं बंद करा. जे ओरडायचं ते लिहून काढा." म्हणून ही वही. तीस वर्षे पांढुर्ण्याच्या पोरांना मराठी शिकवले, आता मराठीचा पहिला खरा उपयोग होईल असे दिसते.

ओरडण्याचे विषय दोन. पैकी एक माझी पत्नी शकुंतला, पण तिच्यावर ओरडून उपयोग होत नाही हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळले. दुसरे आमचे चिरंजीव हेमंत. वय वीस. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला दोनदा बसले, त्यांना ते वर्ष फारच आवडलेले दिसते. दोन वर्षांचा असताना पोलिओने उजवा पाय गेला. तेव्हापासून त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आहे, कॅलिपर म्हणतात. त्या पायासाठी नागपूरचे सगळे डॉक्टर केले. शकुंतलेच्या हट्टापायी जामसांवलीलाही नेले. तिथला मारुती स्वतःच आडवा निजलेला. तो आमच्या पोराला काय उभा करणार, असे मी म्हटले तेव्हा ती माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती. शांततेचे दिवस होते.

आता एक आशा आहे. एका सरकारी कार्यालयात अपंगांसाठी राखीव अशी लिपिकाची जागा निघायची आहे. टायपिंग झाले आहे. दाखला आहे. जन्मात पहिल्यांदाच तो पाय काही मिळवून देईल.

९ जुलै
शाळेतून आलो तर मागच्या खोलीत चिरंजीव डोके खाली, पाय वर. एका हातावर सगळा देह, आणि गोल फिरून राहिलेले. (पाहा, मीही "राहिलेले" लिहू लागलो. वर्गात यासाठी छड्या मारल्या आहेत.) कॅलिपर कोपऱ्यात काढून ठेवलेले. टेपरेकॉर्डरवर कुणीतरी पिंप बडवत होते.

"हे काय चाललं आहे?"
"ब्रेक डान्स करून राहिलो, बाबा."
"काय काय ब्रेक झालं?"
"काई नाई अजून."

अजून! म्हणजे पुढे होणार आहे. चौकशीअंती कळले की बसस्टँडजवळ अरविंद नावाच्या इसमाने व्हिडिओ हॉल काढला आहे. तिथे अमेरिकेतल्या पोरांची कॅसेट आली. ती पोरे रस्त्यावर पाठीवर लोळतात, डोक्यावर फिरतात. आपल्याकडे असे कुणी केले तर फिट आली समजून नाकाला कांदा लावतात.

"बाबा, याच्यात पाय कमी लागते. हातच लय लागते," हेमंत म्हणाला.

हात त्याचे दणकट आहेत खरे. अठरा वर्षे भिंती, खुर्च्या, कठडे धरून चालल्यावर होणारच. पण म्हणून माणसाने हातांवर चालावे? मी सांगून टाकले की नाच नावाच्या गोष्टीला आपल्याकडे शास्त्र आहे. हा नाच नाही, हे तोल जाऊन पडणे आहे. घरात चालणार नाही.

न ओरडता सांगितले. डॉक्टरांनी नोंद घ्यावी.

२२ जुलै
घरात शांतता. चिरंजीव दुपारी अभ्यासाला म्हणून मित्राकडे जातात. शकुंतला दुपारी देवकाबाईंकडे पापड लाटायला जाते. देवकाबाई म्हणजे गल्लीच्या टोकाच्या विधवा बाई, त्यांच्या घरामागे कापसाचे रिकामे गोदाम आहे. पावसाळ्यात पापड कोण लाटतो, असे मी विचारले. म्हणाली, "पाणी उघडलं का वायतात." ती परत येते तेव्हा हातांना पीठ नसते, केसांत मात्र कापूस असतो. बायकांचा स्वयंपाक मला कधीच समजला नाही.

६ ऑगस्ट
चिरंजीवांचा खांदा सुजला आहे. म्हणे बसमध्ये गर्दी होती. मी औषधाच्या दुकानावरून जात होतो, सहज म्हणून मलमाची डबी घेतली. माझेही गुडघे हल्ली दुखतात. डबी त्याच्या टेबलावर राहून गेली. विसरभोळेपणा वाढला आहे, तोही रक्तदाबाचाच भाग असावा.

१३ सप्टेंबर
गणपती बसलेत. आज मंडळाच्या मांडवात "विविध गुणदर्शन". मंडळाचा कार्यवाह तोच व्हिडिओवाला अरविंद, तेव्हा कुठले गुण दिसणार हे उघड होते. मी गेलो नाही. वह्या तपासायच्या होत्या.

मांडव गल्लीतच असल्यामुळे कान बंद करता आले नाहीत. अरविंदने माईकवरून चिरंजीवांचे नाव घेतले. मग लोक हसले. एक-दोन नाही, मांडवच्या मांडव हसला. पट्ट्यांचा खडखडाट करत स्टेजच्या पायऱ्या चढताना तो कसा दिसतो, हे मला माहीत आहे. अठरा वर्षे हे हसणे त्याच्या आणि माझ्या मधे येऊ नये म्हणून मी काय काय केले, ते लिहायला ही वही पुरणार नाही.

चपला घालून मी बाहेर पडलो. दूध संपले आहे असे वाटले होते. कोपऱ्यापर्यंत पोचतो तो हसणे थांबलेले. तो पिंपाचा आवाज. आणि मग शिट्ट्या. त्या टिंगलीच्या नव्हत्या. तीस वर्षे मास्तरकी केल्यावर शिट्ट्यांतला फरक कळतो.

परत आलो. दूध घरात होतेच.

१५ सप्टेंबर
शिक्षकांच्या खोलीत चौरागडे सर म्हणाले, "गुरुजी, तुमचा लंगडा तर मोठा कलाकार निघाला!" सगळे प्रेमाने हसले. आजपासून मी तिथला चहा सोडला आहे. चहा फार पातळ करतात.

७ ऑक्टोबर
चिरंजीवांना सौंसरहून देवीच्या मंडळाचे बोलावणे. जीप पाठवणार आहेत! मला तीस वर्षांत कुणी सायकल पाठवली नाही. अरविंदने त्यांना पदवीही दिली आहे, "पांढुर्ण्याचा भोवरा". विद्यापीठाला दोन वर्षांत जे जमले नाही ते एका व्हिडिओवाल्याने करून दाखवले.

शकुंतला म्हणाली, "तुमी बी चला ना आवो."
मी म्हटले, "मला पापड लाटायचे आहेत."
ती का दचकली कोण जाणे.

९ ऑक्टोबर
काल सौंसरहून परतल्यापासून हेमंत खोलीतून बाहेर आलेला नाही. जेवला नाही. काय घडले ते अरविंदकडून काढून घ्यावे लागले.

स्टेज नव्हते, रस्त्यावर ताडपत्री टाकली होती. याने कॅलिपर काढून बाजूला ठेवले. पुढची मंडळी उभी, तेव्हा मागच्यांना फटीतून फक्त एक लंगडा पोरगा जमिनीवर सरपटताना दिसला. कुणीतरी नाणे टाकले. मग दुसऱ्याने. मग पोरांना गंमत वाटली. ताडपत्रीवर सगळीकडे चिल्लर. हेमंतने नाच थांबवला नाही म्हणे. चिल्लरीवरच फिरला, पाठ सोलून निघाली. संपल्यावर कॅलिपर चढवले आणि जीपमध्ये जाऊन बसला.

"थे लोकं वाईट नोते गुरुजी," अरविंद म्हणाला. "त्याईले वाटलं का दान करून राहिलो."

दानशूरांचे गाव.

१२ ऑक्टोबर, दसरा
सोने वाटायच्या दिवशी चिरंजीवांनी जाहीर केले, "बाबा, मी नाचणं सोडलं. तुमी म्हणत होते थेच बरोबर हाये."

माझे म्हणणे बरोबर आहे असे या घरात प्रथमच कुणी म्हटले. आनंद व्हायला हवा होता. पेढे आणावेत असे काही वाटले नाही. जेवताना पुरी अर्धीच राहिली. शकुंतलेने मोहन कमी घातले असावे.

२६ ऑक्टोबर
चिरंजीव अत्यंत गुणी झाले आहेत. सकाळी टायपिंग, दुपारी टायपिंग. बोलत नाहीत, हसत नाहीत, टेपरेकॉर्डरला हात लावत नाहीत. घर असे शांत झाले आहे की भिंतीवरच्या पालीचाही आवाज येतो. शकुंतलेने पापड बंद केले.

मला हवे होते ते सर्व मिळाले. असे घर एखाद्या शत्रूलाही मिळू नये.

१० नोव्हेंबर
अरविंदकडे गेलो. उद्देश एवढाच की टेपरेकॉर्डरमधली त्याची कॅसेट परत करावी आणि पोराला नादी लावल्याबद्दल चार शब्द सुनावावेत. सुनावले. तो ऐकून घेत होता, कारण एका गिऱ्हाइकाची कॅसेट यंत्रात अडकली होती.

मग म्हणाला, "डिसेंबरमंदी नागपूरले मोठी स्पर्धा हाये. म्या हेमंतचं नाव सप्टेंबरातच देल्लं होतं. आता कटवून टाकतो."

नाव कापणार? कुणाला विचारून? दिलेला शब्द पाळायचा असतो, हे मी सातवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. हा तत्त्वाचा प्रश्न आहे, नाचाचा नाही. तसे त्याला स्पष्ट सांगितले. घरी येऊन हेमंतला सांगितले.

"नाव गेलं आहे. आता हजर राहणं कर्तव्य आहे. मग तिथं नाचा, नाहीतर नुसते उभे राहा."
त्याने विचारले, "बाबा, लोकं पैसे फेकन तं?"
"नागपूरचे लोक इतके उदार नाहीत."

किती दिवसांनी हसला.

कॅसेट परत करायची मात्र राहून गेली.

२१ डिसेंबर
पहिला नंबर! शेहेचाळीस पोरांत पहिला. दोन पायांची पंचेचाळीस, बिचारी.

मी गेलो नव्हतो, पेपर तपासायचे होते. शकुंतला गेली होती, तिच्या म्हणण्याप्रमाणे नागपूरच्या इतवारी बाजारात लुगडे घ्यायला. लुगडे आणले नाही. पण हेमंतने सुरुवात कशी केली, मधेच तो कोपरावर कसा थांबला, परीक्षक कसे उभे राहिले, हे सारे तिने हातवारे करून सांगितले. लुगड्याच्या दुकानातून इतके दिसते हे मला नवे आहे.

शेवटी त्याने कॅलिपर स्टेजवरच चढवले म्हणे, सावकाश, सगळ्यांसमोर. कुणी हसले नाही.

२३ डिसेंबर
नागपूरच्या वर्तमानपत्रात चिरंजीवांचे छायाचित्र. डोके खाली, पाय वर. चौरागडे सरांना वाटले छापखान्याने चूक केली, त्यांनी पेपर उलटा धरून पाहिला. मग मागच्या पाटीवरचा गणपती आकाशातून लोंबकळताना दिसला, तेव्हा पुन्हा सुलटा केला. "गुरुजी, आपला हेमंत!" म्हणाले. तीन महिन्यांत "तुमचा लंगडा"चा "आपला हेमंत" झाला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा प्रवास अभ्यासण्यासारखा आहे.

चहा प्यायला आग्रह झाला. अजूनही पातळच आहे.

१९ जानेवारी १९८७
लिपिकाच्या जागेसाठी मुलाखतीचे पत्र आले. पाठोपाठ दुसरे पत्र. उमेदवार हा "नर्तक" असल्याची तक्रार आली असून, सोबत वर्तमानपत्रातील छायाचित्र जोडले आहे. तरी उमेदवाराने वैद्यकीय बोर्डापुढे हजर राहून आपण अपंग आहोत हे पुन्हा सिद्ध करावे.

म्हणजे सरकारचे म्हणणे असे, की जो डोक्यावर उभा राहू शकतो त्याचा पाय चांगला असला पाहिजे. शरीरशास्त्राची ही शाखा मी वाचलेली नाही.

तक्रार कुणी केली ते गुप्त आहे, म्हणजे गावात सर्वांना माहीत आहे. तक्रार करणाऱ्यांचाही मुलगा उमेदवार आहे. आज सकाळी भाजीबाजारात भेटले, आमच्या पोराची प्रकृती आपुलकीने विचारली.

१८ फेब्रुवारी
आज जे झाले ते सगळे लिहितो, कारण झोप येणार नाही.

पहाटेच्या बसने जिल्ह्याच्या गावी निघालो, मी, हेमंत आणि शकुंतला. सौंसर गेले, रामाकोना गेले. बोर्डाच्या खोलीत तीन डॉक्टर, तिघेही हिंदी बोलणारे; आमचे गाव मराठी असले तरी जिल्ह्याचा कारभार हिंदीत चालतो. हेमंतला कॅलिपर काढायला लावले. चालायला लावले. तो भिंत धरून गेला, भिंत धरून आला. पुन्हा चालायला लावले. तिसऱ्यांदा चालायला लावले तेव्हा शकुंतलेने पदर तोंडाला लावला. मी खिडकीबाहेर पाहत होतो. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते.

मधले डॉक्टर, वयस्कर, चष्मा कपाळावर, म्हणाले, "अब वो करके दिखाओ, जो अख़बार में है।"

"गाणं नाई हाये," हेमंत म्हणाला.

तेव्हा शकुंतला उठली. पदर खोचला आणि टाळ्या वाजवायला लागली. नुसत्या टाळ्या नाहीत. दोन सावकाश, एक तोडून, मग जीभ टाळूला लावून टक, पुन्हा दोन. तो पिंपाचा आवाज, जसाच्या तसा! हे तिला कुठून येते? मी बघतच राहिलो. महिनोन्महिने ही बाई पापड लाटत होती.

हेमंतने तळहात फरशीवर टेकले.

मी त्याचे नाचणे पूर्ण असे आजपर्यंत कधी पाहिले नव्हते. तो हातांवर गेला, पाय सुटले, आणि जो माणूस आत्ता भिंत धरून चालत होता तो कुठे गेला कळले नाही. गोल फिरला, मग हळू, मग एका हातावर थांबला. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो. तिघांपैकी एका डॉक्टरच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. खाली आल्यावर तो धापा टाकत फरशीवर बसला आणि कॅलिपर शोधू लागला. मी ते उचलून दिले.

मधले डॉक्टर भले गृहस्थ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्टरजी, पैर तो ख़राब है ही। बस शिकायत का जवाब देना है। मैं लिख देता हूँ, आप पिता के नाते दस्तख़त कर दीजिए।" आणि त्यांनी हिंदीत लिहिले, म्हणजे मराठीत: हे नृत्य नसून, तोल जाऊन पडणे आहे.

वाक्य व्याकरणशुद्ध होते. मी स्वतःच ते जुलैत उच्चारले होते. सही केली की नोकरी, पेन्शन, साऱ्या जन्माची निश्चिंती. पेन हातात घेतले.

"हेमंत, काय लिहायचं?"
"तुमी म्हणान तसं, बाबा."
"मी तुला विचारतो आहे. तू पडत होतास का?"
तो कॅलिपरचा पट्टा आवळत होता. मग म्हणाला, "पडलो असतो तं उठता नसतं आलं, बाबा."

मी ते वाक्य खोडले. तीस वर्षांची सवय, रेघ सरळ आली. खाली त्यांच्याच हिंदीत लिहिले, "हे नृत्य आहे आणि उत्तम आहे. पाय निकामी आहे. दोन्ही विधाने खरी आहेत." सही केली.

डॉक्टरांनी वाचले. "मास्टरजी, दोनों सच नहीं चलेंगे।"
"मग सरकारला चालेल ते सरकारने निवडावं," मी म्हटले.

बसमध्ये शकुंतला माझ्या शेजारी बसली. एरवी बायकांच्या बाकावर बसते.

११ मार्च
निकाल. दाखला कायम. मात्र "उमेदवाराला नोकरीची निकड असल्याचे दिसून येत नाही" म्हणून जागा दुसऱ्याला. दुसरा म्हणजे तेच, भाजीबाजारवाल्यांचे चिरंजीव. त्या मुलाला ऐकायला कमी येते. विशेषतः मला उत्तर द्यायचे असते तेव्हा.

मी मूर्ख आहे. एका वाक्यासाठी पोराचे आयुष्य पणाला लावले. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी मला शहाणा म्हटले तर दाखवता येईल.

२ एप्रिल
नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यांचा माणूस आला. हेमंतला घेऊन जाणार. विदर्भभर कार्यक्रम, उन्हाळ्यात भोपाळ, रायपूर. त्याने विचारले, "पोस्टरवर 'अपंग असूनही' असं छापू का?"

"'असूनही' छापलं तं मी येत नाई," हेमंत म्हणाला.

'ही' या शब्दयोगी अव्ययाबद्दल इतकी जाण याला आहे हे मराठीच्या पेपरात कधी दिसले नव्हते.

१० मे
नागपूर. नाट्यगृह भरलेले. माझी सुट्टी सुरू असल्यामुळे तपासायला काही शिल्लक नव्हते, तेव्हा नाइलाजाने गेलो. मागच्या रांगेत बसलो. शकुंतला पुढे, देवकाबाईंच्या शेजारी. या दोघींची जागा कुणी धरून ठेवली होती हे मी विचारले नाही.

गाणी झाली, नकला झाल्या. मग पिंप वाजले आणि चिरंजीव पट्ट्यांचा खडखडाट करत आले. कॅलिपर काढून बाजूला ठेवले. माझ्या शेजारचा गृहस्थ दुसऱ्याला म्हणाला, "नाटक हाये हो. पाय चांगला असन. लंगडा मानूस असं करू शकते का?"

मी ऐकून घेतले. एकदा. तो पुन्हा म्हणाला.

"पाय खरंच गेलेला आहे," मी म्हटले.
"तुमाले कसं माहीत?"
"सोळा वर्षे रोज सकाळी मी त्याला तेल चोळलं आहे."

तो माणूस वळून माझ्याकडे पाहू लागला. मग उठला. रांगेतल्या लोकांचे गुडघे बाजूला करत त्याने मला वाट करून दिली. "मंग इथं कायले बसले, काका? समोर जा ना. इथून काय दिसते?"

पुढे गेलो. पुढून सगळेच दिसते. तळहाताला पडलेले घट्टे, मानेवरची शीर, ओठ दाताखाली धरण्याची लहानपणची सवय. तो हातावर स्थिर झाला तेव्हा उजवा पाय सरळ वर गेला होता, बारीक, वाळलेला, दिव्याच्या झोतात सगळ्या सभागृहाच्या वर. मी तो पाय इतकी वर्षे मांडीवर घेऊन पाहिला. मान वर करून कधी पाहिला नव्हता.

परतीच्या गाडीत शकुंतलेने विचारले, "कसं वाटलं?"

"लाउडस्पीकर फार मोठा होता," मी म्हटले. "डोळ्यांतून पाणी आलं."

काटोल येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून हसत होती.